केरीचा बक्षी: शस्त्र, संसार आणि स्मरण

शस्त्र हाती धरून आयुष्य काढलेल्या माणसाला भाविक म्हणावे का, आणि म्हणायचे तर कोणत्या अर्थाने, हा प्रश्न मराठी धर्मविचाराला नवा नाही. परंतु अशा माणसाचे स्मरण कसे करावे हा त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वंशजांच्या आठवणीत सेनानी हळूहळू सत्पुरुष होत जातो, त्याची तलवार देवघरात जाऊन बसते आणि तिच्यावर हळदीकुंकू पडते, पण ती कोणावर चालली हे कोणाच्या बोलण्यात उरत नाही. उलट इतिहासाच्या पुस्तकांत तोच माणूस लढाया, तह आणि मुलूखगिरी यांच्या यादीत शिरतो आणि त्याची श्रद्धा, त्याची माणसे, त्याचे घर यांचा मागमूस उरत नाही. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील केरी गावाचे जिवाजी बल्लाळ केरकर, म्हणजेच महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी, यांच्या चरित्राकडे पाहताना या दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात, आणि म्हणूनच तो प्रश्न त्यांच्या निमित्ताने मुळापासून पाहण्याजोगा आहे.

जिवबादादांचा जन्म 1740 च्या सुमारास केरी येथील एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, नदीच्या दक्षिण अंगाला हे गाव आहे, आणि पैलतीरावर सावंतवाडीकरांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला आहे. हा किल्ला पोर्तुगिजांनी 1746 साली जिंकला. त्याच वर्षी पेडण्यातीलच हळर्णचा किल्ला त्यांनी घेतला आणि त्या विजयामुळे त्यांच्या व्हाइसरॉयला हळर्णचा, म्हणजे त्यांच्या उच्चारात अलोर्नाचा, मार्किस ही पदवी मिळाली. नदीच्या ऐलतीरावर वाढणाऱ्या पोराला युद्ध म्हणजे दूरदेशीची बखर नव्हती, ते समोरच्या टेकडीवर दिसत होते. जुन्या काबिजादी, म्हणजे बार्देस, तिसवाडी आणि साष्टी हे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेले प्रांत, यांतील देवळे पाडली गेली आणि देव रातोरात नदीपलीकडे नेले गेले, ही आठवण उत्तर गोव्यातील प्रत्येक हिंदू घरात तेव्हाही ताजी होती. डिचोलीजवळ नार्वे येथे सप्तकोटेश्वर आहे तो मुळात दिवाडी बेटावरचा. कदंब राजांच्या या आराध्यदैवताला तेथून हलवावे लागले आणि त्याच्या नार्वे येथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली करवला. तलवार आणि देऊळ यांचा संबंध या मुलखात तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून आलेला नाही, तो अशा दगडी पुराव्यांतून आलेला आहे.

याहूनही जवळची गोष्ट अशी की या मुलखातील देवच शस्त्रधारी आहेत. पेडणे आणि डिचोलीच्या गावागावांत ज्याचे स्थान आहे तो रवळनाथ खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पात्र घेऊन उभा असतो. तो क्षेत्रपाल आहे, म्हणजे गावाच्या शिवेची राखण हेच त्याचे देवपण आहे, आणि रात्री शिवेवरून फिरणारा वेतोबा त्याचाच सोबती. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पेडण्यात तरंगे निघतात. तरंग म्हणजे उंच लाकडी खांब, ज्याला रंगीत लुगडी एकावर एक अशी निरीने गुंडाळलेली असतात आणि ज्याच्या माथ्यावर देवाचे चिन्ह असते. तो खांब कमरेशी पेलून धरणाऱ्याच्या अंगात देवाचा अवसर येतो आणि मग गावकरी त्या देवाशी बोलतात, त्याला जाब विचारतात, त्याचा कौल घेतात. कोजागिरीला, ज्या रात्रीला लोक पेडण्याची पुनव म्हणतात, भूतनाथाचे तरंग आपल्याला देऊळ बांधून मिळावे म्हणून रागाने डोंगराकडे धाव घेते आणि गावकरी त्याला समजावून परत आणतात. डिचोलीतील शिरगावला लईराईचे व्रतस्थ धोंड निखाऱ्यांतून चालतात, आणि तिच्या बहिणींपैकी मोरजाई पेडण्यातल्या मोरजीला नांदते. या धर्मात शौर्य ही भक्तीला सोडावी लागणारी गोष्ट नाही. देवाच्या हातातले खड्ग आणि माणसाच्या हातातले खड्ग एकाच कामासाठी आहे, ते म्हणजे राखण. अशा देवांच्या सावलीत वाढलेल्या मुलाला पुढे शस्त्र आणि श्रद्धा यांत विरोध वाटला नसेल तर त्यात नवल नाही.

तरीही विचारवंताचे काम येथे संपत नाही, कारण गावाची शीव राखणे आणि हजार मैलांवर जाऊन दुसऱ्याच्या शिवेत शिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरुणपणी घर सोडून उत्तरेत गेलेले जिवबादादा शिंद्यांच्या चाकरीत चढत चढत बक्षीपदाला पोचले. बक्षी हा फारसीतून आलेला शब्द. मोगली व्यवस्थेत सैन्याची हजेरी, घोड्यांचे डाग आणि पगाराची वाटणी ज्याच्याकडे असे तो बक्षी, आणि मराठी दौलतीत हेच पद पुढे प्रत्यक्ष सेनापतिपदापर्यंत वाढले. गीतेचा आधार घेऊन युद्धाचे समर्थन करणारे अर्जुनाचे उदाहरण देतात. पण अर्जुन क्षत्रिय होता आणि त्याला सांगितलेला स्वधर्म, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले कर्तव्य, हा जन्माने ठरलेला होता. ब्राह्मण कुळातल्या बक्षीला ते समर्थन जसेच्या तसे वापरता येत नाही. त्याचा स्वधर्म जन्माने ठरत नाही, तो पत्करलेल्या जबाबदारीने ठरतो, आणि मराठीत या जबाबदारीला फार जुना आणि नेमका शब्द आहे: मीठ. खाल्ल्या मिठाला जागणे ही सेवकाची नीती, आणि तुकाराममहाराजांनी आपल्या पाईकीच्या अभंगांत, म्हणजे पायदळातल्या शिपायाचे रूपक घेऊन लिहिलेल्या अभंगांत, भक्ताचे देवाशी असलेले नाते याच नीतीवर उभे केले. धन्यासाठी जिवावर उदार होणारा पाईक त्यांना खऱ्या भक्ताची प्रतिमा वाटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शिपायाला भक्ताच्या पंक्तीला बसवण्याचे काम एका वाण्याने, युद्ध न केलेल्या संताने केले.

बक्षीच्या बाबतीत मीठ दोन्ही बाजूंनी लागू होते. तो धन्याचे मीठ खातो, पण ज्यांना मीठ पोचवायचे ते शिपाईही त्याच्याच तोंडाकडे पाहत असतात. अठराव्या शतकातील फौजांत पगार महिनोन्महिने थकत, आणि थकलेले शिपाई सरदाराच्या तंबूपुढे धरणे धरून बसत, म्हणजे उपाशी राहून त्याची वाट अडवत. 1787 साली लालसोटच्या मोहिमेत महादजींच्या कवायती पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या, त्यामागे थकलेला पगार हे मोठे कारण होते. अशा फौजेत ज्याच्या शब्दावर शिपाई थांबतात तो बक्षी काही निराळ्याच प्रकारचा विश्वास कमावून असावा लागतो. युद्धातील पराक्रमापेक्षा या रोजच्या, कंटाळवाण्या, हिशेबी विश्वासाला धार्मिक मूल्य अधिक आहे असे म्हणावेसे वाटते, कारण पराक्रमाला साक्षीदार असतात आणि रोजमुऱ्याच्या पैशाला फक्त घेणाऱ्याचा हात असतो.

1788 हे वर्ष जिवबादादांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. त्या वर्षी गुलाम कादिर या रोहिल्याने दिल्ली बळकावली आणि ऑगस्टमध्ये बादशहा शाह आलमचे डोळे काढले. ऑक्टोबरात मराठी फौजांनी दिल्ली परत घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवले आणि डिसेंबरात गुलाम कादिरला पकडले. या कामात राणेखानाबरोबर जिवबादादा पुढे होते. राणेखान हा मूळचा भिस्ती, म्हणजे पखालीने पाणी वाहणारा. पानिपतावर जखमी झालेल्या महादजींना त्याने वाचवले म्हणून महादजी त्याला भाऊ मानत. एका मुसलमान भिस्त्याने आणि एका पेडणेकर सारस्वताने मिळून एका मुसलमान बादशहाची सुटका करावी, ही गोष्ट त्या काळच्या निष्ठा आजच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावी. आणि नेमक्या याच वर्षी, जानेवारीत, सावंतवाडीकरांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून पेडणे पोर्तुगिजांना देऊन टाकले होते. डिचोली आणि साखळी त्याआधीच, 1781–82 मध्ये, गेली होती. या प्रदेशांना पुढे नव्या काबिजादी म्हणू लागले. दिल्लीच्या तख्ताची राखण करणाऱ्याचे स्वतःचे गाव परक्या राज्यात गेलेले होते. नव्या काबिजादींत पोर्तुगिजांनी देवळांना आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही असे वचन दिले, आणि जुन्या काबिजादींच्या मानाने ते बरेचसे पाळले, म्हणून रवळनाथ, भगवती आणि मोरजाई आपल्या जागी राहिल्या. पण राखणदाराचे सामर्थ्य जेथे वापरले गेले आणि जेथे त्याची गरज होती त्या दोन जागांमधले हे अंतर कोणत्याही गौरवगाथेने बुजवू नये.

जिवबादादांच्या भाविकतेचा खरा पुरावा रणांगणात नाही, तो एका संताच्या भेटीत आहे. सोहिरोबानाथ आंबिये (1714–1792) हे बांद्याचे कुलकर्णी, त्यांच्या घराण्याचे मूळ पेडण्यातील पाल्ये गावचे. परंपरा सांगते की सावंतवाडीच्या दरबारातून निकडीचे बोलावणे आल्याने ते पायी निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस फोडून गरे खायला बसले, तेवढ्यात एका नाथपंथी योग्याने येऊन त्यातला वाटा मागितला. कुलकर्ण्यांनी तो दिला, योग्याने अनुग्रह दिला आणि तो योगी म्हणजे गहिनीनाथ असे पंथ मानतो. नाथपंथ म्हणजे मत्स्येंद्रनाथ आणि गोरक्षनाथ यांच्यापासून चालत आलेला योगमार्ग, आणि ज्ञानेश्वरांची गुरुपरंपराही गहिनीनाथांकडूनच येते, त्यामुळे कोकणातल्या या कुलकर्ण्याचा धागा थेट ज्ञानेश्वरीपर्यंत पोचतो. सोहिरोबांनी चाकरी सोडली, सिद्धान्तसंहिता, अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद आणि महदनुभवेश्वरी हे ग्रंथ रचले आणि साठीला आल्यावर, 1774 साली, उत्तरेची वाट धरली.

तेथे ग्वाल्हेरीस जिवबादादांनी आपल्या गावाकडच्या या साधूला महादजींपुढे नेले, ही कथा पेडणे आणि सावंतवाडी भागात आजही सांगितली जाते. महादजी स्वतः भाविक होते, बीडचे मन्सूरशाह हे त्यांचे गुरू होते, आणि ते कृष्णभक्तीची पदे रचत. त्यांनी आपली पदे सोहिरोबांना दाखवली आणि स्तुतीची अपेक्षा केली. सोहिरोबांनी ती केली नाही, उलट अवधूताला, म्हणजे सर्व उपाधी झटकून टाकलेल्या विरक्ताला, राजाची काही गरज नसते असे हिंदी पदात तोंडावर ऐकवून ते निघून गेले. या कथेत सारे लक्ष संताच्या निर्भयतेकडे जाते आणि ते योग्यच आहे. पण मधे उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे क्षणभर पाहावे. उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत बलाढ्य सरदाराच्या मर्जीवर ज्याची सारी उमेद अवलंबून आहे, त्यानेच आणलेल्या पाहुण्याने धन्याचा अपमान केला. आणि तरीही पुढच्या काळात जिवबादादांचे नाव सोहिरोबांच्या परंपरेत आदराने टिकले, ते त्या पाहुण्याला दूर करणाऱ्याचे म्हणून टिकले नाही. सत्तेच्या दारात राहणाऱ्याला सत्तेहून मोठे काही आहे हे माहीत असणे, आणि त्याला स्वतःच्या जोखमीवर त्या दारात आणणे, याला भक्ती म्हणायला हरकत नसावी.

दोन्ही माणसे एकाच मातीतली, एकाच ज्ञातीची, दोघेही लिहिण्यावाचण्याच्या कामात वाढलेली. एकाने निवृत्ती पत्करली, म्हणजे कर्म आणि संसार यांतून बाहेर पडण्याचा मार्ग. दुसरा प्रवृत्तीत, म्हणजे कर्माच्या आणि कुटुंबाच्या गराड्यात, अखेरपर्यंत राहिला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात याच दोन मार्गांचा वाद उभा करून कर्मयोगाच्या बाजूने निकाल दिला. पण जिवबादादा आणि सोहिरोबा यांच्याकडे पाहिले तर हा वाद निकाली काढण्याची निकड राहत नाही. प्रवृत्तीमार्गी माणसाने निवृत्तीमार्गी माणसाला आपल्याहून वर मानले आणि तरीही आपली जागा सोडली नाही. संतानेही त्याला लष्कर सोडायला सांगितल्याची कथा नाही. मनुस्मृतीने गृहस्थाला इतर आश्रमांचा आधार मानले ते याच अर्थाने असावे: अवधूत निघून जाऊ शकतो, कारण मागे कोणीतरी हजेरीपट घेऊन बसलेला असतो.

या प्रवृत्तीचा हिशेब मात्र पुरता मांडला पाहिजे. ज्या शिंदेशाही फौजेचे जिवबादादा एक प्रमुख होते तिने 1790 साली जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता येथे राजपुतांचा पराभव केला. मेडत्याला राठोड स्वारांनी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा युरोपीय सेनानी डी बॉयन याच्या तोफांवर घोडे घातले आणि तोफांपुढेच ते पडले. मेडता हे मीराबाईंच्या माहेरच्या घराण्याचे गाव. खंडणीसाठी लढलेल्या या लढाईला राखणीची लढाई म्हणता येत नाही, आणि रवळनाथाच्या भक्ताला हा फरक कळत होता असे धरले तर त्याच्या मनावरचे ओझे हलके नव्हते. जिवबादादांचा मोठा विजय त्यानंतरचा. महादजी 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले आणि पुढच्या वर्षी, 11 मार्च 1795 रोजी, खर्ड्याच्या लढाईत निजामाविरुद्ध शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व जिवबादादांनी केले. परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाल्याने मराठी आघाडी डगमगत असता जिवबादादांच्या तोफांनी आणि घोडदळाने लढाई फिरवली, निजाम रातोरात खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि थोड्याच दिवसांत तहाला आला. पेशव्यांच्या जरीपटक्याखाली सारे मराठे सरदार एकत्र लढले असा तो शेवटचा प्रसंग. पुढच्याच वर्षी, 1796 च्या आरंभी, जिवबादादा निवर्तले.

कुटुंबवत्सल माणूस म्हणून त्यांचा विचार करताना कुटुंब या शब्दाची त्या काळची व्याप्ती लक्षात घ्यावी लागते. पोटची मुले, भाऊबंद, गावचे, ज्ञातीचे आणि आश्रयाला आलेले सारेच त्यात येत. केरी, पेडणे, सावंतवाडी या पट्ट्यातील सारस्वत तरुणांना शिंद्यांच्या फौजेत जी वाट मिळाली तिच्या दाराशी जिवबादादा होते. लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस, जगन्नाथ राम अशा शेणवी, म्हणजे सारस्वत, मुत्सद्द्यांचा आणि सेनानींचा एक मोठा गट तेथे उभा राहिला. आपल्या माणसांना हात देणे हा गृहस्थधर्मच. पण सार्वजनिक पदावर बसून पाळलेला गृहस्थधर्म इतरांना गटबाजी वाटतो, आणि वाटला. जिवबादादा असेपर्यंत त्यांच्या वजनाने हे सारे एकत्र राहिले. ते गेल्यावर महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, महादजींच्या विधवांचा कलह पेटल्यावर, दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्या चिथावणीने या गटावर घाव पडला: बाळोबातात्या कैदेत मेले आणि जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी यांना अंगाला बाण, म्हणजे दारूने भरलेले अग्निबाण, बांधून मारण्यात आले. बापाने ज्या दौलतीसाठी अवघे आयुष्य वेचले त्याच दौलतीने मुलाला असे मारावे, यापुढे मिठाला जागण्याची नीती किती एकतर्फी असू शकते हे वेगळे सांगायला नको. आणि तरीही त्यामुळे बापाची निष्ठा खोटी ठरत नाही. धन्याचे मीठ खोटे ठरते.

स्मरणाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. गोव्यात भाद्रपदाच्या पितृपक्षातील श्राद्धाला म्हाळ म्हणतात. म्हाळाच्या दिवशी पितरांना पिंड आणि तिलोदक, म्हणजे तीळ मिसळलेले पाणी, दिले जाते, आणि त्याबरोबर ज्यांना मुलेबाळे नाहीत, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही अशांनाही एक ओंजळ दिली जाते. ही ओंजळ देताना कर्त्याला त्यांची जात, पक्ष किंवा मुलूख ठाऊक असण्याची अट नाही. मेडत्याच्या माळावर पडलेला राठोड, लालसोटला पगाराविना पळालेला शिपाई, खर्ड्याला मेलेला निजामाचा मोगल, सारे त्या ओंजळीत बसतात. भाविक सेनानीचे स्मरण करायचे तर त्याच्या विजयांबरोबर त्याने मारलेल्यांनाही जागा द्यावी, ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही. ती घरच्या विधीतच आधीपासून आहे, फक्त ती ओंजळ सोडताना तिचा अर्थ मनात असायला हवा. म्हाळ सहसा ज्याच्या त्याच्या मृत्यूच्या तिथीला होतो, पण जे शस्त्राने मेले त्यांच्यासाठी शास्त्राने एक स्वतंत्र दिवस राखून ठेवला आहे. जिवबादादा बक्षींचा म्हाळ त्यांच्या तिथीला. नारायणरावांचा भाद्रपद वद्य चतुर्दशीला.